साधा ट्यूब अ‍ॅम्प आणि मंच : प्रस्तावना

मंचावर वाजवणारा गिटारवादक पहिला ट्यूब अ‍ॅम्प घ्यायला निघतो, तेव्हा तो बहुधा एकच प्रश्न विचारतो : किती वॅटचा घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही. प्रत्येक ट्यूब अ‍ॅम्पची आवाजाची एक पातळी असते. त्या पातळीला तो बोटांच्या दाबाला उत्तर देतो : हलके छेडले तर स्वच्छ वाजतो, जोर लावला तर भरदार होऊन किंचित फाटतो. आपण ज्या जागेत आणि ज्या ड्रमरबरोबर वाजवतो, तिथे लागणारा आवाज या पातळीच्या आसपास आला, की निवड बरोबर झाली. वॅट, नाव, वय आणि किंमत या गोष्टींचा विचार त्यानंतर करायचा. या पुस्तकाचा सारा प्रपंच एवढे एक म्हणणे पटवून देण्यासाठी आहे.

‘साधा’ म्हणजे काय, ते आधी ठरवून घेऊ. एक किंवा दोन चॅनेल, व्हॉल्यूम, टोनची एक-दोन बटणे, फार तर रिव्हर्ब आणि ट्रेमोलो, एवढ्यावर थांबणारा अ‍ॅम्प इथे अभिप्रेत आहे. पायाने चॅनेल बदलण्याची सोय, इफेक्ट्स लूप, गेनचे एकावर एक टप्पे असे त्यात काही नसते. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असे अ‍ॅम्प बनले. त्यांच्या धर्तीवर आजही नवे बनतात. मूळ जुना आणि त्याच धाटणीचा नवा, असे दोन्ही या पुस्तकाच्या कक्षेत येतात.

या विषयात नव्याने येणाऱ्याला दिलासा देणारी गोष्ट म्हणजे इथली मूळ साधने आटोपशीर आहेत. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या चँप अ‍ॅम्पचे उदाहरण घ्या. त्यात काचेचे तीनच व्हॉल्व्ह आहेत : सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, स्पीकर चालवणारा ६व्ही६ आणि एसीचे डीसी करणारा ५वाय३. बटण व्हॉल्यूमचे एकच, टोनचे एकही नाही. त्याचा संपूर्ण आराखडा एका पानावर मावतो आणि शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवत असेल, तर थोड्या चिकाटीने तो समजतोही. नावांच्या खुणाही अशाच वाचता येतात. ट्वीड कापडाने मढवलेल्या डीलक्स अ‍ॅम्पचा आराखडा ‘५ई३’ म्हणून ओळखला जातो. त्यातला ५ म्हणजे पन्नासचे दशक, ई म्हणजे आराखड्याची आवृत्ती आणि ३ हा डीलक्सचा क्रमांक. पुढे काळ्या पट्टीच्या डीलक्स रिव्हर्बवर ‘एबी७६३’ आले. त्यातल्या आकड्यांवरून जुलै १९६३ हा काळ कळतो. अशा दोन-चार खुणा ओळखता आल्या, की दुकानदाराच्या वर्णनावर विसंबून राहावे लागत नाही.

या अ‍ॅम्पचे मूळ रेडिओत आहे. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन घटकांचा व्हॉल्व्ह बनवला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा घटक, ग्रिड, घातला. ग्रिडवरचा लहानसा व्होल्टेज मोठ्या प्रवाहाला आवर घालू शकतो, हे पुढे उमगत गेले आणि आवाज वाढवण्याचे शास्त्र त्यातून उभे राहिले. लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांच्या अ‍ॅम्पमध्ये दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी ठायी ठायी दिसते. सुटे भाग पट्टीवर मोकळे मांडलेले असतात आणि कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह बसवायचा, याचा कागद खोक्याच्या आतच चिकटवलेला असतो. मंचावर वाजता वाजता बंद पडलेला अ‍ॅम्प दुसऱ्या दिवशी कुठल्याही गावातल्या रेडिओ मेकॅनिकला उघडता यावा, अशी ती रचना होती. आजही गिगसाठी अ‍ॅम्प निवडताना ही कसोटी तितकीच मोलाची आहे.

इंग्लंडमध्ये याच विद्येने वेगळे वळण घेतले. डिक डेनी यांनी टॉम जेनिंग्ज यांच्या डार्टफर्डच्या कंपनीसाठी व्हॉक्स एसी१५ तयार केला. त्यात युरोपीय ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी होती. ‘द शॅडोज’सारख्या बँडला मोठ्या सभागृहांत तो अपुरा पडू लागला, तेव्हा चार ईएल८४ घालून एसी३० आला. लंडनमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साथीने १९६२ मध्ये पहिला मार्शल, म्हणजे जेटीएम४५, बाजारात आणला. फेंडरचा बासमॅन अ‍ॅम्प, त्यातला ५एफ६-ए हा आराखडा, त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता. मात्र ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, स्पीकर असे भाग इंग्लंडमध्ये सहज मिळतील ते घातले आणि चार स्पीकर चारही बाजूंनी बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये बसवले. आराखडा तोच राहिला, पण आवाजाची जात बदलली. अ‍ॅम्पचा आवाज फक्त आराखड्यात नसतो. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि खोके या तिघांचाही त्यात मोठा वाटा असतो. हा धडा एका उदाहरणात इतका स्पष्ट दिसण्याची जागा दुसरी नाही.

या इतिहासात एक धागा पुन्हा पुन्हा दिसतो. बहुतेक अ‍ॅम्प कुठल्या ना कुठल्या जागेसाठी किंवा कामासाठी जन्मले. चँप घरच्या आणि शिकाऊ वादकासाठी होता, बासमॅन बास गिटारसाठी. एसी३० मोठ्या सभागृहासाठी बनला. १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडच्या आग्रहातून मार्शलचे १०० वॅटचे अ‍ॅम्प आले. त्या काळी सभागृहाच्या पीए यंत्रणेतून फक्त गायकाचा आवाज जाई, गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचे काम अ‍ॅम्पलाच करावे लागे. आज छोट्या क्लबातही साउंडवाला अ‍ॅम्पसमोर माइक लावतो. श्रोत्यांपर्यंत आवाज पीए नेतो. अ‍ॅम्पने फक्त मंच भरला, म्हणजे वादकाला आणि सोबत्यांना गिटार नीट ऐकू आली, की पुरते. ज्या छोट्या अ‍ॅम्पांना त्या काळी मोठ्या मंचावर जागा नव्हती, ते आज मंचासाठी सर्वांत योग्य ठरतात, याचे मुख्य कारण हा बदल आहे.

आता आवाज फाटण्याविषयी. १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्स यांनी ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गिटारवादक विली किझार्ट यांच्या अ‍ॅम्पला वाटेत इजा झाली होती. स्पीकरमध्ये कागद कोंबून तो तसाच वाजवला गेला आणि तो घरघरता आवाज गाण्याचे वैशिष्ट्य ठरला. रेडिओच्या इंजिनिअरने जो दोष मानला, तो गिटारवादकाने गुण म्हणून स्वीकारला. व्हॉल्व्हची मर्यादा ओलांडली, की ध्वनिलहरीचे माथे दबू लागतात. साध्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये हे दबणे हळूहळू होते. दबलेल्या लहरीतून मूळ सुराच्या पटीतले नवे सूर, म्हणजे हार्मोनिक्स, निर्माण होतात. तानपुऱ्याची जवारी लावताना आपण नेमके हेच शोधतो. घोडीच्या पृष्ठभागाला तार घासून जाते, तेव्हा सुराला सोबतीच्या सुरांची झालर येते. पण जवारी फार उघडली तर तार नुसती झणझणते, फार बंद झाली तर मुकी होते. अ‍ॅम्पमध्येही या दोन टोकांच्या मधली जागा आपल्याला हवी असते.

ती जागा कशी सापडते, हे डीलक्स ५ई३ वर जवळून पाहू. दोन ६व्ही६, साधारण १२ ते १५ वॅट, १२ इंचांचा एक स्पीकर. वर दोन व्हॉल्यूम आणि दोघांना मिळून एक टोन, आकडे १२ पर्यंत. गिटार एका चॅनेलमध्ये लावा आणि व्हॉल्यूम तिनाच्या आसपास ठेवा. आता ज्या चॅनेलमध्ये काहीच लावलेले नाही, त्याचे बटण सावकाश फिरवा. आवाजाचा भरणा आणि तीक्ष्णपणा दोन्ही बदलताना ऐकू येतील. याचे कारण असे, की दोन्ही चॅनेल पुढच्या टप्प्याआधी एकाच बिंदूला मिळतात. रिकाम्या चॅनेलचे बटणही वाजत्या सिग्नलवर भार टाकत असते. म्हणजे तीन बटणांच्या या अ‍ॅम्पमध्ये तीनपेक्षा कितीतरी जास्त आवाज दडलेले आहेत. नील यंग १९५९ सालचा असाच एक डीलक्स वर्षानुवर्षे वाजवत आले आहेत. पायाने कळ दाबली की अ‍ॅम्पची बटणे ठरलेल्या आकड्यांवर फिरवणारे एक यंत्र त्यांनी त्यासाठी करून घेतले. बटणांचे स्थान हीच त्या अ‍ॅम्पची रंगपेटी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता व्हॉल्यूम सहाच्या पुढे नेऊन एक जोरकस कॉर्ड मारा. पहिला आघात किंचित दबतो, मग सूर उमलत वर येतो. कॉर्डला एकदम जास्त प्रवाह लागतो. ५वाय३ या रेक्टिफायर व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध मोठा असल्याने त्या क्षणी पुरवठ्याचा व्होल्टेज खाली बसतो आणि आघात ओसरला की पुन्हा सावरतो. जाणकार याला ‘सॅग’ म्हणतात. ज्याला लयीचे तुटक, टणक काम करायचे आहे, त्याला हे मऊपण अडचणीचे वाटेल. ब्लूजची लांब ओढ घेणाऱ्याला ते सुखाचे वाटेल. डीलक्स रिव्हर्बमध्ये जीझेड३४ हा कमी रोधाचा रेक्टिफायर असतो आणि निगेटिव्ह फीडबॅकही (बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा अंश उलट करून मागे देण्याची सोय) असतो. त्यामुळे तो अधिक काळ स्वच्छ राहतो आणि फाटतो तेव्हा जरा अचानक फाटतो. दोघांतला कुठला चांगला, या प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या हाताला कुठला मानवतो, याला मात्र आहे.

वॅटचा हिशेब एकदा नीट समजला, की बरेच गैरसमज दूर होतात. शक्ती दुप्पट केली, तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायचा, तर १० डेसिबल म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या अ‍ॅम्पच्या दहापट मोठा वाजत नाही, दुपटीच्या आसपास वाजतो. स्पीकरचे गणित याच्याशी जोडून पाहा. एक वॅट दिला असता एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, तर १५ वॅटचा अ‍ॅम्प ३० वॅटच्या अ‍ॅम्पइतका वाजतो. सेलेस्टियनचा निळा अल्निको स्पीकर १०० डेसिबलच्या घरातला आहे, ग्रीनबॅक साधारण ९८ च्या. पण निळ्याची सहनशक्ती १५ वॅटचीच आहे. पूर्ण फाटून वाजणारा १५ वॅटचा अ‍ॅम्प त्याहून जास्त शक्ती बाहेर टाकू शकतो, हे विसरू नये. अ‍ॅम्पच्या वॅटच्या दीड-दोनपट सहनशक्तीचा स्पीकर घेणे शहाणपणाचे.

याच हिशेबावर निवडीचा एक ढोबळ नकाशा उभा राहतो. एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणारे ५ वॅटचे अ‍ॅम्प ध्वनिमुद्रणाला आणि ड्रमशिवायच्या बैठकीला उत्तम. ड्रमर जोरात असला, तर ते मंचावर बुडतात. १२ ते १५ वॅटचे डीलक्स ५ई३, प्रिन्स्टन रिव्हर्ब, एसी१५ हे कॅफे आणि लहान क्लबातल्या, हात राखून वाजवणाऱ्या ड्रमरबरोबर अगदी मोक्याच्या पातळीवर येतात. २२ वॅटचा डीलक्स रिव्हर्ब त्याहून थोडा जास्त वेळ स्वच्छ राहतो. अनेक प्रकारचे संगीत वाजवणाऱ्या व्यावसायिकांनी तो का उचलून धरला, हे त्यावरून समजते. जॅझ किंवा कंट्रीसारखा अखेरपर्यंत स्वच्छ आवाज हवा असेल आणि मंच उघड्यावर असेल, तर ४० वॅट आणि त्यापुढचे अ‍ॅम्प हवेत. म्हणून वॅट ठरवण्याआधी स्वतःला विचारावे : मला आवाज स्वच्छ हवा आहे की फाटलेला, आणि तो कोणाच्या सोबतीने? वजनाचाही विचार आत्ताच करावा. डीलक्स रिव्हर्ब साधारण १९ किलोचा, ट्विन रिव्हर्ब २९ किलोच्या आसपासचा. कार्यक्रम संपल्यावर मध्यरात्री जिना उतरताना हा फरक कळतो.

घरी पसंत पडलेला टोन मंचावर हरवतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्याचे कारण कानाच्या रचनेत आहे. हळू आवाजात खर्ज आणि तार दोन्ही कानाला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले. घरी आपण ती उणीव बास आणि ट्रेबल वाढवून भरतो. मंचावर आवाज मोठा होताच तोच बास फुगतो आणि बास गिटार व ड्रमच्या खर्जात मिसळून जातो. बँडमध्ये गिटारची हक्काची जागा मधल्या पट्ट्यात आहे. ट्वीड धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये हा मधला भाग भरपूर असतो, आणि दुकानात एकट्याने वाजवताना काहीसा बोथट वाटणारा तो आवाज बँडमध्ये लख्ख ऐकू येतो.

देखभालीचाही एक मुद्दा निवडीच्या वेळीच पाहावा. सिग्नल नसताना पॉवर व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा, हे ठरवणाऱ्या जुळवणीला बायस म्हणतात. चँप, ५ई३, एसी१५ हे कॅथोड बायसवर, म्हणजे ही जुळवणी बरीचशी आपोआप साधणाऱ्या रचनेवर, चालतात. त्यातले पॉवर व्हॉल्व्ह बदलले, की बायस सहसा पुन्हा जुळवावा लागत नाही. प्रिन्स्टन रिव्हर्ब आणि डीलक्स रिव्हर्बमध्ये फिक्स्ड, म्हणजे वेगळा व्होल्टेज देऊन ठरवलेला, बायस आहे; तिथे नवी जोडी घातल्यावर बायस तपासणे गरजेचे. सतत प्रवासात असणाऱ्या आणि जवळ जाणकार कारागीर नसणाऱ्या वादकाने याला वजन द्यावे. पिशवीत पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी, एक १२एएक्स७ आणि नेमक्या मापाचे फ्यूज असले, तर बहुतेक अडचणी दहा मिनिटांत सुटतात.

आपल्याकडे हे अ‍ॅम्प वापरणाऱ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, कारण वीज वेगळी आहे. अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला असतो. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ येतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल, पण तो अ‍ॅम्पच्या गरजेपेक्षा बराच जास्त क्षमतेचा घ्यावा आणि अर्थिंगची तार त्यातून अखंड अ‍ॅम्पपर्यंत जाते ना, ते तपासावे. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेव्हा ५०/६० असे लिहिलेला अ‍ॅम्प श्रेयस्कर. मंडपातल्या जनरेटरवर व्होल्टेज वरखाली होत असेल, तर आधी मीटर लावून पाहावा. जुन्या दोन पिनांच्या अ‍ॅम्पला तीन पिनांची वायर बसवून घेतल्याशिवाय तो मंचावर नेऊ नये, कारण माइक आणि गिटार एकाच वेळी हाताशी-ओठाशी असतात.

व्हॉल्व्हची विद्या आपल्याला परकी नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती, ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत होते आणि गावोगावच्या मेकॅनिकांनी ते दुरुस्त केले. त्या पिढीतले जे हात अजून चालते आहेत, त्यांच्याकडून शिकून घ्यायची वेळ आता आहे. पण शिकताना एक नियम मोडू नये : अ‍ॅम्पची वायर काढली, तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. प्रशिक्षण नसलेल्याने चासीत हात घालू नये. तसेच स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब अ‍ॅम्प चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

संगणकीय पद्धतीने या अ‍ॅम्पांची नक्कल करणारी यंत्रे आज चांगली आहेत आणि अनेक कार्यक्रमांत तीच सोयीची ठरतात. ज्यांना ती वापरायची आहेत, त्यांनाही मूळ अ‍ॅम्प कसा वागतो हे कळले, तर पडद्यावरची बटणे डोळसपणे फिरवता येतील. म्हणून हे पुस्तक त्यांच्यासाठीही आहे.

घाईत अ‍ॅम्प घ्यायचा असेल, त्या वाचकाने जागा, ड्रमर आणि स्पीकर यांवरची प्रकरणे आधी वाचावीत. हातात सोल्डरिंग आयर्न धरणाऱ्याने आराखड्यांपासून सुरुवात करावी. वाचून झाल्यावर आपली गिटार आणि शक्य तर आपला ड्रमर सोबत घेऊन अ‍ॅम्प ऐकायला जावे आणि तो कार्यक्रमाच्या आवाजात वाजवून पाहावा. इथे लिहिलेले आणि कानांनी ऐकलेले कुठे जुळले नाही, तर कानांवर विश्वास ठेवावा आणि त्यामागचे कारण शोधावे. साध्या अ‍ॅम्पमध्ये ते सापडते, कारण शोधायला एकच पान असते.